किलोच्या भावाने घेतलेली शेड

औद्योगिक वसाहतीत भूखंड मिळाला, बँकेचे कर्ज मंजूर झाले, की लघुउद्योजकाच्या पहिल्या मोठ्या खर्चांपैकी एक असतो पोलादी शेडचा. यंत्र घेताना तो चार कारखाने पाहतो, जाणत्यांना विचारतो. शेडसाठी मात्र तीन दरपत्रके मागवायची, किलोचा भाव नि एकूण रक्कम ताडून पाहायची, की व्यवहार आटोपला. वस्तुतः ही तीन दरपत्रके पुष्कळदा तीन निरनिराळ्या इमारतींची असतात.

सांगाड्यात पोलाद किती लागेल हे त्यावर येणाऱ्या भारांवरून ठरते. त्यांत वाऱ्याचा भार महत्त्वाचा. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबईसाठी ४४ मीटर दिला आहे. फरक पाचच मीटरचा. परंतु दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, इतर गोष्टी समान असता, मुंबईच्या शेडवर तो सव्वापटीहून थोडा अधिक येतो. खरेदीदाराने हा वेग लिहून दिला नाही, तर कमी वेग गृहीत धरणाऱ्याचे वजन कमी भरते, किंमत उतरते आणि काम त्यालाच मिळते. सचोटीचा विक्रेता मागे पडतो तो असा. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगडात छपरांचे पत्रे उडवले, तो वारा कोणाचे दरपत्रक पाहून आला नव्हता.

पायाचे काम तर बहुधा दुसऱ्याच कंत्राटदाराकडे असते. त्याने पुरलेले बोल्ट खांबांच्या भोकांशी जुळले नाहीत, की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. बँकेचे व्याज मात्र थांबत नाही. पुढे ओव्हरहेड क्रेन बसवायची असेल, तर खांब आणि पाया आरंभीच तसे हवेत. शिवाय १९९२ साली पोलादाच्या किमतींवरील नियंत्रण उठल्यापासून भाव बाजाराबरोबर हलतात; तेव्हा मागणी दिल्यानंतरची भाववाढ कोणी सोसायची, हेही करारात हवे.

हे सारे दर मागवण्यापूर्वीच एका कागदावर मांडता येते. त्यासाठी विक्रेत्याशी संबंध नसलेला संरचना अभियंता नेमावा लागतो आणि नेमकी तीच फी उद्योजकाला उधळपट्टी वाटते. कर्ज देणाऱ्या बँकांनी दरपत्रकांची संख्या मोजण्याऐवजी त्या अभियंत्याच्या सहीचे भारपत्रक मागितले, तर निदान तिन्ही विक्रेते एकाच इमारतीचा भाव सांगतील.