मागच्यालाही ब्रेक लागतो

नवी गाडी घ्यायची म्हटलं की आपले प्रश्न ठरलेले असतात. ॲव्हरेज किती? ईएमआय किती? सनरूफ आहे का? ब्रेकबद्दल कुणी विचारत नाही. ब्रेक काय, असणारच! पण त्याच गाडीच्या मागे आणखी एक गाडी जोडायची असेल तर? तिचे ब्रेक कोण दाबणार?

आमच्या घरात हा प्रश्न आला तो चक्क तर्री-पोह्यांमुळे. वर्धा शहराला चिकटलेलं सिंदी मेघे हे आमचं गाव. (सिंदी रेल्वे वेगळं. हे सगळ्यांनाच सांगावं लागतं.) माझा चुलतभाऊ पुण्यातली आयटीची नोकरी सोडून इथे परत आलाय. प्लॅन मस्त आहे. एक सेकंडहँड पिकअप, मागे ट्रेलर आणि ट्रेलरवर किचन. रोज सकाळी वर्ध्यात, वीकेंडला बोर अभयारण्याच्या वाटेवर आणि लग्नसराईत थेट नागपूर. लोगो तयार, मेन्यू तयार, पाच वर्षांची बचत पणाला. ट्रेलर बनवणाऱ्या कारागिराला मी सहज विचारलं, "दादा, याला ब्रेक?" तो हसला. म्हणाला, "ब्रेक काऊन पाहिजे ताई? समोरच्या गाडीले हायेत ना!"

हे उत्तर त्या एकट्याचं नाही. कापसाच्या सीझनमध्ये हिंगणघाटच्या रस्त्याला लागा. ट्रॅक्टरमागच्या कितीतरी ट्रॉल्या याच भरवशावर धावताना दिसतील. ट्रॅक्टर सावकाश चालतो, म्हणून बऱ्याचदा निभावतं. पिकअप ऐंशीने पळते, तिथे गणित बदलतं.

आपल्या विदर्भात हे आधी बैलांना कळलं. भरलेली बंडी उताराला लागली की सगळा भार पुढे सरकतो आणि जू बैलांच्या मानेवर येतं. बैल मागे रेलतात, पाय रोवतात. ट्रेलरचंही अगदी तसंच. तुम्ही ब्रेक दाबता, पिकअप थांबायला बघते, पण ट्रेलरला कुणी सांगितलेलंच नसतं! तो मागून ढकलत राहतो. वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर असं झालं, तर गाडी आणि ट्रेलर चाकूच्या पात्यासारखे मधोमध दुमडतात.

आता थोडं गणित, घाबरू नका. पिकअप दोन टनांची धरा. ट्रेलरमध्ये चेसिस, ओटा, फ्रीज, सिलिंडर आणि २०० लिटर पाणी म्हणजे आणखी २०० किलो. आमचा हिशेब १,४०० किलोवर गेला. चांगल्या कोरड्या रस्त्यावर, ताशी ८० किमी वेगात, एकटी पिकअप ब्रेक लागल्यावर साधारण ३५ मीटरमध्ये थांबते. मागे बिनब्रेकचा ट्रेलर असेल, तर तेच अंतर ६० मीटरच्या घरात जातं. हे जास्तीचे २५ मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या सहा छोट्या गाड्या. त्या जागेत एखादी स्कूटी असेल, एखादी शाळकरी सायकल असेल.

हे गाड्या बनवणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक आहे. टोयोटाची हायलक्स आपल्याकडे २०२२ मध्ये आली. ऑस्ट्रेलियात तिच्या फोर बाय फोर मॉडेलला ब्रेक असलेला ३,५०० किलोचा ट्रेलर ओढायची परवानगी आहे. ब्रेक नसलेला? फक्त ७५० किलो. गाडी तीच, इंजिन तेच. फरक फक्त मागच्या ब्रेकचा. (आपल्या गाडीचा आकडा मात्र आपल्याच मॅन्युअलमधून घ्यायचा, ऑस्ट्रेलियाचा नाही.)

मग घ्यायचं काय? मुख्य पर्याय दोन. पहिला ओव्हररन ब्रेक, युरोपात खूप चालतो. ट्रेलर पुढे ढकलायला लागला की जोडावरचा दांडा आत दाबला जातो आणि त्याच दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. वायरिंग नाही, कंट्रोलर नाही. दुसरा इलेक्ट्रिक ब्रेक. यात ट्रेलरच्या चाकाच्या ड्रममध्ये इलेक्ट्रोमॅग्नेट असतो. त्याला किती करंट द्यायचा हे ठरवणारा छोटा डबा ड्रायव्हरपाशी बसतो. तोच ब्रेक कंट्रोलर.

कंट्रोलरमध्येही दोन जाती. टाइम-डिले प्रकार स्वस्त. तुम्ही ब्रेकला हलकेच पाय लावा नाहीतर कचकन दाबा, तो आधी सेट केलेला जोर ठरलेल्या वेळेत लावणार. म्हणजे सिग्नलपाशी हिसका आणि ऐनवेळी उशीर. प्रपोर्शनल प्रकारात सेन्सर असतो. गाडीचा वेग जितक्या झपाट्याने उतरतो, तितक्याच जोरात ट्रेलरचा ब्रेक लागतो. टेकोन्शाचा प्रॉडिजी पी-३ किंवा रेडार्कचा टो-प्रो इलाइट ही यातली नावाजलेली नावं. कुत्रं, बकरी आणि राँग साइडने येणारी बाईक कधी समोर येईल याचा नेम नसलेल्या आपल्या रस्त्यांना प्रपोर्शनलच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

घेताना चार गोष्टी बघा. एक, ट्रेलरला ब्रेक किती चाकांना आहेत आणि कंट्रोलर तेवढ्यांसाठी आहे का. दोन, हाताने चालवायचा लिव्हर किंवा बटण पटकन सापडतं का. ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागला, तर ॲक्सिलरेटर सोडून फक्त मागचा ब्रेक हलकेच लावायचा असतो. तीन, वायरिंग. बॅटरी, अर्थ, ब्रेकलाइटचा सिग्नल आणि ट्रेलरकडे जाणारी लाइन, अशा चार वायरी असतात. फ्यूज स्वतंत्र हवा आणि काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून. चार, ब्रेकअवे स्विच. जोड तुटून ट्रेलर सुटलाच, तर ट्रेलरवरच्या बॅटरीने त्याचे ब्रेक आपोआप लागतात. सोबत सेफ्टी चेन हवीच.

बसवल्यावर सेटिंगही करावं लागतं. भरलेला ट्रेलर घेऊन रिकाम्या, सपाट रस्त्यावर ताशी ४० किमीला फक्त हाताचा ब्रेक लावायचा आणि जोर हळूहळू वाढवायचा. ट्रेलरची चाकं जाम व्हायला लागली की थोडं कमी करायचं. पाण्याची टाकी रिकामी झाली, वजन बदललं, की सेटिंग पुन्हा.

आणि हो, मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. म्हणजे त्याची वेगळी नोंदणी लागते. चेसिसला वेल्डिंग करण्याआधी आरटीओत विचारून घ्या, नंतर नाही.

आमच्याकडे यावर दोन दिवस वाद झाला. बजेट तर वाढणार नव्हतं. शेवटी भावाने स्वतःच यादीवर काट मारली. चमचमता एलईडी बोर्ड गेला, स्पीकर गेले. त्या पैशांत दोन्ही चाकांना ब्रेक, प्रपोर्शनल कंट्रोलर आणि ब्रेकअवे स्विच. काकूंना आधी पटलं नाही. "बोर्ड नसला तर गिऱ्हाईक थांबन कसं?" भाऊ म्हणाला, "आई, आधी गाडी तर थांबू दे."

तुम्ही कॅम्पिंगचा ट्रेलर घ्या, बाइक न्यायचा घ्या नाहीतर कॉफीचा. रंग ठरवण्याआधी कारागिराला एवढंच विचारा, याला ब्रेक कुठे? तो हसला, तर दुसरा कारागीर बघा.