नकाशाला नोंद, लेखाला उपेक्षा

१९८४ साली अमेरिकेने चिपच्या आराखड्याच्या रक्षणार्थ स्वतंत्र कायदा केला, त्यान्वये गाजलेला खटला सॅन डिएगोच्या ब्रुकट्री या लहानशा कंपनीने बलाढ्य एएमडीवर गुदरला होता. संगणकाच्या पडद्यावरील रंग ठरविणाऱ्या चिपमधील दहा ट्रान्झिस्टरांची एक पेशीवजा रचना, जी हजारो वेळा पुनरावृत्त होऊन चिपचा बहुतांश पृष्ठभाग व्यापीत होती, तीच वादाचे मूळ ठरली. आपल्या अभियंत्यांच्या प्रदीर्घ परिश्रमांचे दप्तरच्या दप्तर प्रतिवादीने हजर केले. परंतु त्याच दप्तरावरून असे निष्पन्न झाले, की सहा आणि आठ ट्रान्झिस्टरांच्या रचनांशी झगडणारी ही मंडळी, ब्रुकट्रीच्या रचनेत दहा आहेत हे उमगताच, तत्काळ दहांकडे वळली. ज्यूरीने नक्कल शाबीत धरली आणि १९९२ साली अपील न्यायालयानेही तो निर्णय कायम केला.

आपल्याकडील २००० सालचा अधिनियम याच वळणाचा आहे. नोंदलेल्या आराखड्यास दहा वर्षांचे संरक्षण तो देतो आणि अभ्यासार्थ दुसऱ्याची चिप उकलून पाहण्याची मुभाही राखतो, जी माझ्या मते राखलीच पाहिजे. मात्र त्याची नजर खिळली आहे ती आराखड्याच्या रेषांवर. आज चिपची रचना प्रथम विशिष्ट संगणकीय भाषेत लेखरूपाने सिद्ध होते आणि तिचा नकाशा, म्हणजेच आराखडा, पुढे सॉफ्टवेअर आखते. तेव्हा तोच लेख चोरून अन्य कारखान्याच्या प्रक्रियेसाठी वापरला, तर उपजणाऱ्या नकाशाचे मूळ नकाशाशी साम्य राहीलच असे नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३ ने परिपथांची आकृतिरचना आधीच वगळली आहे, आणि कॉपीराइट लेखाच्या शब्दरूपाला जपतो, त्यामागील युक्तीला नव्हे.

असा लेख मोठ्या गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करणाऱ्या छोट्या रचनाकाराच्या हाती मग उरतो केवळ करारनामा. म्हणूनच २०२१ साली चिप-उद्योगाकरिता ७६,००० कोटी रुपयांची तजवीज करणाऱ्या सरकारने, विधी आयोगाने २०२४ साली शिफारस केलेला व्यापारी गुपितांचा कायदा अग्रक्रमाने हाती घ्यावयास हवा. आणि त्यात बंद दालनातील सुनावणीची तरतूद निःसंदिग्ध असावी, कारण गुपित चोरीस गेल्याची फिर्याद करणाऱ्याला ते न्यायालयात उघडे करावे लागणार असेल, तर फिर्यादीस कोणी धजावणार नाही.