तुकोबांच्या वाटेवरील ख्रिस्तभक्त

आषाढी एकादशीस शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरीत असते आणि इकडे बुलढाणा जिल्ह्यातील घराघरांतून अभंगांचे सूर ऐकू येतात. अशा पुण्यदिनी ख्रिस्ती धर्मातील सुधारणेचा विषय काढणे काही भाविकांस अस्थानी वाटेल. परंतु ज्या मराठी पुरुषाने ती सुधारणा सर्वांत कळकळीने मागितली, तो अभंगाचेच बोट धरून चालला होता. ते म्हणजे कवी नारायण वामन टिळक.

धर्मसंस्था स्थिरावली की सुस्तावते आणि मग तिच्याच पोटातून कोणीतरी जागल्या उठतो, हा अनुभव सर्वच धर्मांचा आहे. आपल्या जिल्ह्यात बुलढाणा, चिखली या भागांत ज्या नाझरीन पंथाचे मिशन आले, त्याचा जन्मही असाच. अमेरिकेतील मेथॉडिस्ट मंडळी संपन्न झाली, तेव्हा फिनियस ब्रिझी या धर्मोपदेशकाने १८९५ मध्ये लॉस एंजेलिस येथे गोरगरिबांसाठी वेगळी मंडळी उभारली. नासरेथच्या दरिद्री सुताराचे नाव तिने घेतले, ते बुद्ध्याच. पण ती मेथॉडिस्ट मंडळी तरी मुळात काय होती? अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी इंग्लंडच्या सुस्तावलेल्या चर्चविरुद्ध केलेली जागृतीच ना! कालची सुधारणा आज संस्था होते आणि तिला पुन्हा सुधारक लागतो.

टिळकांचे दुखणे मात्र याहून खोल होते. कोकणातील करजगाव येथे १८६१ मध्ये जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण नागपुरात असताना राजनांदगावच्या आगगाडीत एका सहप्रवाशाकडून मिळालेले बायबल वाचू लागला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्याने बाप्तिस्मा घेतला. या घटनेने एक भरले घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाईंनी सोसलेला कित्येक वर्षांचा वियोग ‘स्मृतिचित्रे’मध्ये वाचताना आजही जीव कळवळतो. धर्मांतराची ही जखम लपवून टिळकांचा गौरव करणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. पण ती जखम सांगून पुढचे चोवीस वर्षांचे जीवन झाकून ठेवणे, हाही अन्यायच होय.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना टिळकांनी काय पाहिले? देशी ख्रिस्ती मनुष्य प्रार्थना परकी चालीत गातो, पाळकाचे वेतन सातासमुद्रापलीकडून येते आणि ज्याच्या हाती थैली त्याचाच शब्द अखेरचा ठरतो. ख्रिस्त आशिया खंडातला. पण इकडे तो आला गोऱ्या साहेबाच्या वेषात. टिळकांनी यावर केवळ टीका केली नाही. त्यांनी ख्रिस्तभक्तीचे अभंग रचले, कीर्तने केली, चर्चमध्ये टाळ आणला. आपण तुकोबांच्या आधाराने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, हे ते उघडपणे सांगत. मिशनच्या बंगल्यात ते किती जणांस रुचले असेल, याची वाचकांनी कल्पना करावी.

तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. १९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती धारण केली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्या दरबारात बंधू म्हणून बसावेत, ही त्यांची कल्पना. चर्चचे सभासदत्व हीच भक्तीची कसोटी मानणाऱ्यांना हा मोठाच धक्का होता. भक्तीला वेतन असू नये आणि भक्ताची नोंदवही असू नये, हे म्हणणे पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. वारकऱ्याची शिधोरी त्याच्याच घरची असते.

दरबार फार काळ चालला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि त्यांच्यामागे तो धरून ठेवणारा कोणी उरला नाही. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. टिळकांनी मागितलेल्या काही गोष्टी निराळ्या वाटेने आल्या. १९६२ ते १९६५ या काळात रोमला भरलेल्या धर्मपरिषदेने कॅथलिकांस मातृभाषेत उपासनेची मोकळीक दिली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. भाषेचा परकेपणा बराच ओसरला, हे खरे.

जातीचा मात्र ओसरला नाही. दलितांनी समतेच्या आशेने चर्चची पायरी चढावी आणि तेथेही सोयरीक जुळविताना मूळ जात विचारली जावी, हे दुखणे आजही तेथील विचारी मंडळी बोलून दाखवितात. त्यास हसण्याचा अधिकार आपणांस नाही. तो रोग त्यांनी आपल्याच घरून नेला आहे.

टिळकांची पदे आजही मराठी चर्चमधून गायिली जातात. साताऱ्याच्या त्या दरबाराचे नाव मात्र तेथेही फारसे कोणी घेत नाही.