तारप्याचा हंगाम

९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. डहाणू, तलासरी, जव्हारकडे त्या दिवशी मिरवणुका निघतात, तारपा घुमतो आणि पावसाळी सहलीला आलेली शहरातली मंडळी गाडी बाजूला घेऊन मोबाइल उंचावतात.

खरं तर हा तारप्याचा हंगाम नव्हे. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि मेण यांचं हे वाद्य भात पिकायला लागलं की बाहेर काढायचं, ही वारल्यांची रीत. मिरवणुकीसाठी ती त्यांची त्यांनी बाजूला ठेवली. त्यात बाहेरच्याने बोलायचं काही नाही. आमचा आक्षेप आहे तो पाहुण्यांच्या जेवणाआधी अर्धा तास वाजवून घेतल्या जाणाऱ्या तारप्याला. गेल्या पावसाळ्यात डहाणूजवळच्या एका रिसॉर्टवर तो पाहिला. या नाचात तारपकरी मध्ये असतो, वेढा त्याच्याभोवती फिरतो आणि त्याच्याकडे कुणी पाठ करत नाही. इथे मात्र सगळ्यांचे चेहरे फोटोत यावेत म्हणून नाचणाऱ्यांची सरळ रांग केलेली. तारपकरी मागे, पाठींकडे बघत वाजवतोय. मध्येच थांबून त्याने नळीजवळचं मेण अंगठ्याने दाबलं आणि पुन्हा फुंकर घातली.

चित्रांचंही तेच. वारली बायका लग्नाचा चौक काढत नाहीत, ‘लिहितात’. कुडाची भिंत शेणाने, गेरूने सारवायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक दातांनी चावून मऊ करायचं आणि सवाशिणींनी लिहायला बसायचं. मधोमध पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरीही बाईच, गाणी म्हणत विधी करणारी. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, कागद आणि रंग देऊन गेले, आणि भिंतीवरचं कागदावर उतरलं. जिव्या सोमा म्हसे यांनी तर बायकांच्या या कामात शिरून रोजचं जगणंच चित्रात आणलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कागदांवर कित्येक घरांच्या चुली पेटल्या, तेव्हा ‘मूळ कला बिघडली’ म्हणून हळहळणं आम्हाला मंजूर नाही. खुपतं ते वेगळंच. कागद आला, पैसा आला, तशी पुरुषांची नावं झाली आणि चौक लिहिणाऱ्या बायका बिननावाच्याच राहिल्या. आपण विकत घेतलेल्या कपावर नाचणारी माणसं असतात, पालघट नसते. नसलेलीच बरी म्हणा.

मग जायचंच नाही का? जरूर जावं. पण दसऱ्यानंतर, भात खळ्यावर येताना जावं. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत जावं. तिथे तुमच्यासाठी कुणी वेगळं काही मांडत नाही, तुम्ही गर्दीतले एक. मोखाड्याकडे बोहाडा, म्हणजे सोंगांचा उत्सव, असेल तर रात्रभर बसावं. सोंगं नाचत येतात ती त्यांच्या क्रमाने, पाहुण्याची शेवटची बस कधी आहे हे पाहून नव्हे.

काही वर्षांपूर्वी गंजाडच्या बाजूला एका घरी गेलो होतो. ओटीवर वरई पाखडत बसलेल्या म्हाताऱ्या आजींना म्हटलं, “चौक बघायला आलोय.” सूप हातात तसंच धरून त्यांनी आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “कोनाचा लगीन हाय?”