खो-खोचे नियम दोन. शाळेत कोणते शिकवायचे?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवून जिंकला. कर्णधार प्रियांका इंगळे मूळच्या बीड जिल्ह्यातील. मात्र हा सामना शाळेच्या मैदानावरील नियमांनी झाला नाही.

फरक काय? पारंपरिक खेळात नऊ खेळाडू उतरतात, गडी बाद केल्यास एक गुण मिळतो. वेगवान प्रकारात खेळाडू सात, गुण दोन आणि मातीऐवजी मॅट. शिवाय आक्रमकाला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही. ‘वझीर’ला मात्र ती मुभा आहे.

हा वेग दूरचित्रवाणीला सोयीचा आहे. पण सातच्या संघात दोन मुलींची संधी जाते आणि मॅट प्रत्येक शाळेला परवडत नाही. दिशेची शिस्त अंगी बाणण्याआधी वझीर शिकवला, तर पायाच कच्चा राहील.

म्हणून १४ वर्षांखालील गटात मातीवरचा नऊ जणींचाच खेळ ठेवावा. १७ आणि १९ वर्षांखालील जिल्हा स्पर्धांत वेगवान प्रकाराचे स्वतंत्र सामने घ्यावेत. त्यासाठी तालुक्याला किमान एक मॅट हवी. नाहीतर गावातली गुणी खेळाडू निवड चाचणीतच नव्या नियमांना पहिल्यांदा सामोरी जाईल.