देणी नऊ, घर एक

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई.



साहेब, पत्र मराठीत आहे. तुमची कचेरी मुंबईत आहे, तेव्हा वाचून दाखवणारं कुणीतरी सापडेलच.

मी एकतीस वर्षं माधवनगरात एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर दिवाणजी होतो. रोजची कीर्द लिहायची, खतावणीत उतरवायची, महिनाअखेर बाकी काढायची. दुसऱ्यांच्या लाखोंचा मेळ घातला, पण सख्ख्या बहिणीचा हिशेब मला गेल्या दिवाळीआधी कळला. तोही शेवयांच्या डब्यातून. भाऊबीजेला काय करायचं असं विचारत मी तिच्या स्वयंपाकघरात उभा होतो, फळीवरचा डबा सहज उघडला, तर शेवयांऐवजी आत कागदच कागद. कर्जाची कार्डं, पावत्या, पतसंस्थेची नोटीस, वीजबिलं, सोनेतारणाची चिठ्ठी. तिनं डबा माझ्या हातातून घेतला, झाकण लावलं आणि म्हणाली, "दादा, ह्यांना काय बोलू नको."

मेहुणे यंत्रमागावर कामाला आहेत. माग चालला तर पगार. तेजीत घरात पैसा खेळतो आणि कापडाला उठाव नसला की महिन्यातले दहा दिवस घरी बसणं. सुतावर वाढलेल्या या गावाला हे नवीन नाही. बहिणीचा तासगाव रस्त्याकडेला चहा-नाश्त्याचा गाडा होता. 2023 मध्ये चिंतामणीनगरचा रेल्वे पूल नव्यानं बांधण्यासाठी पाडला, सांगलीची वाहतूक दुसरीकडून वळली आणि गाड्यावरचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. पूल दोन-चार महिन्यांत होईल असं सगळेच धरून चालले होते. तिनंही तेच धरलं आणि तेवढे महिने काढायला बायकांच्या गटातून सूक्ष्म वित्त कंपनीचं कर्ज घेतलं. दुसऱ्या गटाचं घेतलं ते पहिल्याचे हप्ते भरायला. पुढचं सांगायला नको. आमच्याकडे याला ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर म्हणतात.

एका रविवारी दुपारी मेहुणे, बहीण, भाचा आणि मी सतरंजी टाकून बसलो. डबा उपडा केला. मी वहीत ओळी आखल्या.

पहिला गट 31,400. दुसरा गट 24,600. पतसंस्था 78,000. सोनेतारण 46,000, त्यात आमच्या आईची बोरमाळ. भाच्यानं मोबाइलवरच्या एका ॲपवरून घेतलेलं कर्ज, हातात आलेले 6,200, मागत होते 9,000. किराणा दुकानाची उधारी 7,300. थकलेलं वीजबिल 5,700. घरफाळा आणि पाणीपट्टी 4,000. हातउसने 12,000. बेरीज 2,18,000.

मेहुण्यांना यातली पाच देणी ठाऊक होती, बहिणीला आठ. ॲपचं फक्त भाच्याला. नवाच्या नऊ एका कागदावर त्या घरात पहिल्यांदाच आली. बेरीज झाल्यावर मेहुणे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. बहिणीनं मात्र मला चकित केलं. म्हणाली, "एवढंच व्हय? मला वाटलं चार लाख असतील." वर्षभर ती मनातल्या चार लाखांना भीत होती.

आता तुमच्या नियमांकडे येतो. 14 मार्च 2022 चे सूक्ष्म वित्तपुरवठ्याचे निर्देश मी भाच्याकडून छापून घेतले आणि पेन्सिल घेऊन वाचले. चांगले आहेत, खोटं कशाला बोलू? वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असलेल्या घराला विनातारण दिलेलं कर्ज ते सूक्ष्म कर्ज. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. उशिराचा आकार थकलेल्या रकमेवरच, सगळ्या कर्जावर नाही. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही, नाव चारचौघांत लावायचं नाही.

बहिणीच्या घरात महिन्याला सरासरी 19,000 येतात. हप्ते होते 11,230. म्हणजे निम्म्याची रेघ केव्हाच ओलांडलेली. कशी? दुसऱ्या गटानं कर्ज देताना पहिल्याचं पाहिलं असेल, पण पतसंस्थेचं कर्ज त्यांच्या तपासणीत दिसलंच नाही आणि ॲपचं तर नंतर आलं. किराणा, वीज, हातउसने हे हप्ते नसतातच, त्यामुळे ते कुणाच्याच गणतीत नाहीत. तुमच्या लेखी तिची खाती आहेत. घराची कीर्द कुणाकडेच नाही.

एका संध्याकाळी साडेसातला वसुलीचा पोरगा दारात येऊन बसला. ठरल्या ठिकाणी ती दोन बैठकांना गेली नव्हती, तेव्हा घरी येण्याची त्याला नियमानं मुभा होती, हे मान्य. पण दारात बसून शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "आज घेतल्याशिवाय उठत नाही" म्हणण्याची नव्हती. मी त्याला छापील कागद दाखवला. त्यानं तो शांतपणे वाचला. तेवीस-चोवीसचं पोरगं, चपलेचा अंगठा तुटलेला. म्हणाला, "काका, हे आम्हाला ट्रेनिंगला सांगतात. पण रात्री वरनं फोन येतो तो ह्या कागदावरनं येत नाही." उठून गेला. दुसऱ्या दिवशी दुसरा आला.

तक्रार करायची तर कुठं? कार्डाच्या मागं नंबर छापलेला असतो असं वाचलं होतं. बहिणीच्या कार्डावर तो दिसेना. मग लक्षात आलं, हप्त्यांच्या सह्यांचा कागद बरोबर त्या नंबरावर स्टेपल केलेला होता. पिना काढल्या तेव्हा नंबर निघाला. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. पण दोन वर्षं दर आठवड्याला ते कार्ड उघडलं जात होतं आणि तो नंबर एकदाही उजेडात आला नाही.

तुमची एकात्मिक लोकपाल योजना आहे. आधी कंपनीकडे तक्रार, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे, फी नाही, चौकशीसाठी 14448. हे सगळं मी बहिणीला समजावलं. तिनं विचारलं, "लोकपाल पतसंस्थेचं पण बघतो का?" नाही. पतसंस्था सहकार आयुक्तांच्या अखत्यारीत. "आणि हातउसन्याचं?" त्याला कोण बघणार. परवान्याशिवाय व्याजानं देणारा असता तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक. ॲपसाठी तुमच्या संकेतस्थळावरची यादी पाहायची, जी 1 जुलै 2025 पासून उघडी आहे. पाहिली, त्या ॲपचं नाव सापडलं नाही. वीज महावितरणकडे, घरफाळा ग्रामपंचायतीत. नऊ देणी आणि सहा-सात दारं. प्रत्येक दारात माणूस म्हणतो, माझ्यापुरतं सांगा.

म्हणून शेवटी क्रम मीच लावला. माझा अनुभव असा की कर्जात बुडालेला माणूस जो सर्वांत मोठ्यानं ओरडतो त्याला आधी देतो. बहीण गटाचे हप्ते कसेबसे भरत होती, कारण गटातल्या बायका घरी येऊन बसायच्या. पतसंस्था मात्र गप्प होती म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष. गप्प असणाऱ्याचीच भीती जास्त असते साहेब. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला निघाला की तो जामीनदाराच्या पगारावरही जातो आणि जामीनदार होता मेहुण्यांच्या शेजारच्या मागावरचा कामगार. त्याच्या घरी अजून याचा पत्ताही नव्हता.

तेव्हा आधी वीज, घरफाळा आणि किराणा, म्हणजे घर चालू राहील. मग पतसंस्था, म्हणजे दुसऱ्याचं घर वाचेल. मग गट. त्यासाठी बोरमाळ मोडली. सोडवून ठेवू, पुढं पोरीच्या लग्नाला होईल, असं बहीण म्हणत होती. मी म्हटलं, व्याज चढून ती लिलावात जाण्यापेक्षा आज भाव आहे तोवर आपणच मोडू. सोनाराच्या काट्यावर तिनं ती स्वतः ठेवली आणि काटा स्थिर होईपर्यंत बघत राहिली. सोनेतारण फिटून 31,000 उरले. त्यातून वीज, घरफाळा, किराणा, ॲप आणि हातउसन्यातले 5,000 गेले. ॲपला हातात आलेल्या 6,200 वर एक पैसा द्यायला माझा विरोध होता. पण फोनमधल्या सगळ्या नंबरांवर फोटो पाठवू अशी धमकी आली होती आणि तिथं मी हरलो. असल्या ॲपला फोनमधले नंबर उघडायची परवानगीच नाही हे तुमचा नियम सांगतो. तो भाच्याला कर्ज घेण्याआधी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

आता मुद्द्याचं. 2009 साली तुमच्याच बँकेनं आर्थिक साक्षरता आणि ऋण समुपदेशन केंद्रांची योजना आणली होती. आमच्या सांगली जिल्ह्याची अग्रणी बँक असलेल्या बँक ऑफ इंडियानं तर त्याही आधी 'अभय' या नावानं कर्जदारांसाठी समुपदेशन केंद्र काढलं होतं. नाव कुणी सुचवलं असेल त्याला नमस्कार. 2012 च्या परिपत्रकात मात्र नाव उरलं ते नुसतं आर्थिक साक्षरता केंद्र. ऋण समुपदेशन हे दोन शब्द गळाले. साक्षरता हवीच. बचत करा, विमा काढा, ओटीपी कुणाला देऊ नका, सगळं खरं. पण ते कर्जाआधीचं औषध झालं. ज्याच्या डब्यात नऊ कागद पडलेत त्याला बचतीचं महत्त्व सांगणं म्हणजे पूर आलेल्या घरात जाऊन छपराची डागडुजी वेळेवर करावी असं सांगण्यासारखं आहे. 2019 चा महापूर पाहिलेल्या जिल्ह्यातला माणूस हे लिहितोय.

ते दोन शब्द परत आणा. केंद्रात असा माणूस बसवा जो डबा उपडा करून घेईल, सगळी देणी एका कागदावर मांडेल आणि त्या कागदाची प्रत सगळ्या सावकारांना एकाच दिवशी पाठवेल. संध्याकाळी बसवा, कारण दिवसा माग चालू असतात. आणि तो कागद पोचला की ठरावीक दिवस कुणी फोन करायचा नाही, कुणी आकार चढवायचा नाही, असा नियम करा. इंग्लंड-वेल्समध्ये 4 मे 2021 पासून असा 60 दिवसांचा अवधी मिळतो, तोही समुपदेशकाच्या मार्फतच. पतसंस्था तुमच्या कक्षेत नाहीत हे मान्य. पण राज्याच्या मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली जी राज्यस्तरीय समन्वय समिती आहे, तिच्यात तुमची माणसं आणि सहकार खातं एका टेबलाशी बसतात. विषय तिथं काढता येईल.

हे फार होतंय असं कुणी म्हणेल, म्हणून जुनी गोष्ट सांगतो. 1875 मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला, तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना. माधवनगरची जागा तेव्हा मिरज धाकट्या पातीच्या संस्थानात, पण पुढचं तासगाव साताऱ्यात, म्हणजे कायद्याच्या आत. कोर्टानं कर्जरोख्यावर लिहिलेला आकडा न धरता व्यवहार सुरू झाल्यापासूनचा हिशेब उघडून पाहावा, हे त्या कायद्यानं इंग्रजाकडून वदवून घेतलं. आणि त्याच्याही आधीपासून आपल्याकडे दामदुपट होतीच, एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करायचं नाही. दोन्ही गोष्टींत कर्ज घेणाऱ्याची सगळी वही बघण्याची रीत होती. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतही गरिबासाठी नवी सुरुवात नावाचं प्रकरण आहे. पण त्यात उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 60,000 आणि कर्जाची 35,000, आणि तेही अजून लागू नाही. ते तुमच्या हातात नाही हे मला कळतं.

सध्याची बाकी 1,41,000. पतसंस्थेनं लेखी अर्ज घेऊन मुदत वाढवून दिली, हप्ता 3,400 चा 2,100 झाला. जामीनदाराला मेहुण्यांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. तो चिडला, मग चहा घेतला. तक्रार केल्यावर एका गटानं ऐकलं, दुसऱ्याचं उत्तर नाही, 30 दिवस पुढच्या मंगळवारी भरतात. बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात नाव नोंदवून ठेवलंय. वही बहिणीनं माझ्याकडून घेतली, आता ती स्वतः लिहिते. तिची अक्षरं मोठी, दोन ओळींत एक बसतं.

मंगळवारी तक्रार तुमच्या लोकपालाकडे येईल. सोबत नवाच्या नऊ देण्यांचा कागद जोडतोय. त्यातली निम्म्याहून जास्त त्यांच्या कक्षेतली नाहीत हे ठाऊक आहे, तरी जोडतोय.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी
माधवनगर, जि. सांगली