दुसऱ्यासाठी आणलेले कुत्रे

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. मी कुत्र्यावर लिहीत आहे आणि हा लेख आरोग्यविषयकच आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

गेली काही वर्षे माझ्या दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येतो. मूल एकुलते एक, आईवडील दोघेही नोकरीत, मुलाच्या हातून मोबाईल सुटत नाही. "डॉक्टर, त्याच्यासाठी एखादे कुत्रे आणले तर?" पूर्वी लोक लॅब्राडोरचे पिल्लू कोठे मिळेल, असे विचारीत. आता 'शेल्टरमधून दत्तक घेऊ का' असे विचारतात. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांविषयीच्या आधीच्या आदेशात बदल केला. त्या वेळी न्यायालयाने प्राणिप्रेमींना दत्तक घेण्याची मुभा दिली आणि दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारीही त्यांच्यावर टाकली. तेव्हापासून या प्रश्नाला थोडी प्रतिष्ठाही लाभली आहे. विचारात झालेला हा बदल मला मनापासून आवडतो. तरीही मी लगेच होकार देत नाही, कारण यातली चूक मी स्वतः करून बसले आहे.

मी मूळची श्वानप्रेमी नव्हे. निवासी डॉक्टर असताना जलभीती झालेला सहा वर्षांचा एक मुलगा माझ्या पाळीत दाखल झाला होता. पाण्याचा पेला पाहताच त्याच्या घशाचे स्नायू कसे आवळत, ते ज्यांनी असा रुग्ण पाहिला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगून कळणार नाही. पोटावर चौदा इंजेक्शने देण्याचा तो काळ. ती जुनी लस आपल्या देशात २००४ अखेर बंद झाली. आज दंडावर त्वचेच्या आत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी लस दिली जाते. पण त्या मुलामुळे कुत्रे दिसले की मी रस्ता ओलांडीत असे, ते पुढे वीस वर्षे.

तरी २०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळी उलटल्यावर, आम्ही भिंगरीला घरी आणले. मुलगी शिक्षणासाठी परदेशी गेली होती. आम्ही दोघेही दिवसभर बाहेर. एकट्या पडलेल्या सासूबाईंना सोबत हवी, हा माझा हेतू. आपण गरुडेश्वरला दर्शनाला जाणारी माणसे, दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान शांत बसलेले पाहत मोठे झालो. घरातही तसेच चित्र मनाशी रंगवले होते. भिंगरी चौदा महिन्यांची, तांबूस, गावठी. नसबंदी झालेली, कानाला खाच, लसीकरणाची नोंद असलेले कार्ड. केंद्रातील भाई म्हणाले, "फार तेज छे, बेन." मी ते कौतुक समजले.

पहिले तीन दिवस ती जिन्याखालून हलली नाही. चौथ्या दिवशी तिला घर आपले वाटले असावे. चार दिवसांत एक गादी, माझे दोन जोडे आणि सासूबाईंची जपमाळ यांचा निकाल लागला. सासूबाई ८१ वर्षांच्या, खुब्याचे हाड मोडण्याच्या वयाच्या. ही त्यांच्या अंगावर आनंदाने झेप घेई. ज्यांच्यासाठी सोबत आणली, त्या दार लावून खोलीत बसू लागल्या. आठव्या दिवशी शेजारचा आठ वर्षांचा मुलगा फाटकातून आत आला आणि खेळण्याच्या भरात भिंगरीचा दात त्याच्या पोटरीला लागला. रक्त नव्हते, पण ओरखडा होता. त्याची आजी हळद घेऊन धावत आली. मी त्याला नळाखाली बसवून घड्याळ लावून पंधरा मिनिटे साबणाने जखम धुतली आणि त्याच संध्याकाळी लसीची पहिली मात्रा दिली. कुत्रीचे लसीकरण झालेले होते, पण "आमच्या कुत्र्याला टोचलेले आहे" या एका वाक्यावर मी दुसऱ्यांच्या मुलांना कधी सोडलेले नाही. ते स्वतःच्या कुत्र्यासाठी कसे चालावे? त्या आजींच्या नजरेला नजर देणे मात्र जमेना.

दुसऱ्या दिवशी तिला परत नेण्यासाठी मी केंद्रात फोन केला. भाईंनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "बेन, दिवसमां केटलुं चलावो छो?" सकाळी पंधरा मिनिटे, तीही मोलकरणीबरोबर. पलीकडे शांतता. हाच प्रश्न मी पंचवीस वर्षे आयांना विचारीत आले आहे. "मुलगा फार मस्ती करतो, शांत होण्याचे एखादे सिरप द्या" म्हणणाऱ्या आईला मी विचारते, तो मैदानावर किती वेळ असतो? आज सिरप मागणारी मी होते.

सहा महिने ते दोन वर्षे हे कुत्र्याचे किशोरवय. शरीर वाढलेले, आवर कमी. नसबंदीने हा उत्साह ओसरतो, असा एक गोड गैरसमज आपल्या व्यवसायबंधूंतही आढळतो. तसे होत नाही. या वयाच्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ मिळून निदान दीड तास हवा, आणि त्यातही नुसती पायपीट पुरत नाही. नाकाला काम हवे. वाटेत हुंगू द्यावे, जेवण ताटलीत न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून शोधायला लावावे. वडोदऱ्याच्या मे महिन्यात हे सारे सूर्योदयापूर्वी उरकावे लागते, कारण डांबर तापले की पंजे भाजतात. उत्तरायणाच्या दोन दिवसांविषयी न बोललेलेच बरे. डॉक्टरांसाठी एक सूचना: कुत्रे लंगडले म्हणून आपल्या खणातील आयबुप्रोफेन त्याला देऊ नका, ते त्याच्यासाठी विष आहे.

भिंगरीला आम्ही ठेवले. पण पहाटे साडेपाचला मी उठू लागले, संध्याकाळी हे दवाखाना अर्धा तास लवकर बंद करू लागले. सासूबाईंची दिनचर्या होती तशीच राहिली. म्हणजे कुत्रे अखेर आमच्यासाठीच आले, दुसऱ्या कोणासाठी नव्हे. म्हणून आता पालकांना मी स्पष्ट सांगते: मुलासाठी कुत्रे आणू नका. शाळा, शिकवणी, परीक्षा यांतून दहा वर्षांचे मूल ते सांभाळू शकत नाही. चौथ्या महिन्यात आई वैतागते आणि कुत्रे परत जाते. ज्याला स्वतःला पहाटे उठायचे आहे, अशी एक प्रौढ व्यक्ती घरात असेल तर जरूर आणा, आणि शक्यतो असेच तेज, वर्षभराचे, कोणी न नेलेले. पिल्लांना घर मिळते. या वयाची कुत्री पिंजऱ्यात थांबतात. घरात मूल असेल तर कुत्र्याच्या जंतनाशक औषधाकडे लसीइतकेच लक्ष द्यावे, आणि मुलाला पूर्वप्रतिबंधक रेबीज लस देण्याविषयी आपल्या बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.

दत्तकाने रेबीजचा प्रश्न सुटेल, असे मात्र कोणी समजू नये. त्यासाठी वस्तीतील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली जायला हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते काम नगरपालिकांचे, आणि आपल्या मंडळाने शिबिरांत रक्तदाबाबरोबर तेही हाती घ्यावे, असे मी सभेत दोनदा सुचवले आहे. दोन्ही वेळा चहा आला.

शेजारचा मुलगा अठ्ठाविसाव्या दिवसाची मात्रा घ्यायला आला, तेव्हा भिंगरी पट्ट्याने बांधलेली होती. सुई टोचून झाल्यावर त्याने विचारले, "काकू, तिला पण टोचतात ना? ती रडते का?" रडत नाही, म्हटल्यावर तो थोडा खट्टू झाला. हल्ली तो रविवारी पहाटे माझ्याबरोबर फिरायला येतो. पट्टा अजून मी त्याच्या हाती दिलेला नाही.